टोक नसलेली रांग कम्प्युटरवर मोजताना

आज थोडं गणित. कागद-पेन नको, फक्त चारपाच आकडे लक्षात ठेवा.

अणूंची एक रांग डोळ्यासमोर आणा. पहिला अणू आहे, शेवटचा नाहीच. इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर उडी मारतो, एवढाच नियम. तो लिहायला अनंत मोठी मॅट्रिक्स लागते, तिला ऑपरेटर म्हणूया. पहिल्या अणूवरच्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला कुठली ऊर्जा किती येते, त्या वाटणीला म्हणतात स्पेक्ट्रल मेझर. इथे ती उणे 2 ते 2 सलग पसरते, घुमटासारखी. बरोब्बर मध्ये, शून्यावर, उंची 0.3183.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी काय केलं? रांग शंभराव्या अणूवर तोडली, आयगेनव्हॅल्यू काढल्या. शंभर सुटे ठिपके आले. तेच रिपोर्टमध्ये छापले! सरांनी विचारलं, "मधल्या जागा रिकाम्या कशा?" मी गप्प.

यावर मार्शल स्टोन यांच्या नावाचं सूत्र आहे. प्रत्येक ठिपका एप्सिलॉनइतका पसरवायचा, मग एप्सिलॉन शून्याकडे न्यायचा. एप्सिलॉन 0.1 घेतला, शून्यावर 0.3028 आलं. वा! मग हाव सुटली. रांग तीच शंभरची, एप्सिलॉन 0.001. उत्तर? 0.016. सुधारायला गेलो आणि पार वाट लागली.

कारण असं, की इलेक्ट्रॉनची लाट शंभराव्या अणूपाशी आपणच बांधलेल्या खोट्या भिंतीवर आपटून परत येते. एप्सिलॉन मोठा असेल तर ती वाटेतच दमते. लहान असेल तर परत येऊन सगळं बिघडवते. म्हणून आधी रांग लांब, मगच एप्सिलॉन लहान. हा क्रम उलटा चालत नाही. हजार अणू आणि 0.01 घेतलं की 0.3167 मिळतं. पण दर वेळी मॅट्रिक्स दहापट करणार का?

मॅथ्यू कोलब्रूक, अँड्र्यू हॉर्निंग आणि अ‍ॅलेक्स टाउनसेंड यांनी 2021 मध्ये 'सियाम रिव्ह्यू'त यावर लिहिलं. एकाच ऊर्जेसाठी काही वेगवेगळ्या कॉम्प्लेक्स बिंदूंवर समीकरणं सोडवायची आणि उत्तरं अशा वजनांनी मिसळायची, की चुका एकमेकींना खातात. त्याच जातीची एक बाळबोध युक्ती सांगतो. 0.1 चं उत्तर दुप्पट करा, त्यातून 0.2 चं वजा करा. येतं 0.3175. अणू शंभरच, आणि हजारवाल्यापेक्षा जवळ!

पायथनमध्ये सातआठ ओळींचं काम आहे, फोनवरही चालतं. करून बघा, 0.016 स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मजा येते. भेटू पुढच्या भागात.