खोक्यातले दोन ड्राइव्ह म्हणजे एकच प्रत

अल रीम आयलंडवरच्या मराठी घरांत हल्ली राउटरच्या शेजारी एक काळं खोकं बऱ्याचदा दिसतं. कुणाकडे सिनॉलॉजीचं, कुणाकडे क्यूनॅपचं, तर कुणी जुन्या पीसीवर लिनक्स टाकून स्वतः उभं केलेलं. त्यात काय असतं? लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली फिल्म, मुलांची बारशी, गावच्या जमिनीच्या सातबाऱ्याचे स्कॅन, आणि एखाद्या घरी आता हयात नसलेल्या माणसाचा आवाज. मूळ कॅसेट पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या माळ्यावर कधीच बुरशी लागून गेलेली असते. म्हणजे हे खोकं हाच त्या घराचा माळा.

मी आयटी सल्लागार आहे, त्यामुळे ओळखीचे लोक ड्राइव्ह बिघडला की फोन करतात. पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "पण आमच्याकडे रेड आहे ना!" म्हणून आधी रेडबद्दल.

१९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ही कल्पना मांडली. स्वस्त, लहान ड्राइव्ह एकत्र जोडून मोठ्या, महागड्या ड्राइव्हचं काम करून घ्यायचं आणि त्यांतला एखादा मेला तरी यंत्र थांबू द्यायचं नाही, असा तो विचार. दोन ड्राइव्हच्या खोक्यात रेड १ लावलं की दोन्हींवर तेच लिहिलं जातं. चार ड्राइव्हच्या खोक्यात रेड ५ लावलं की एका ड्राइव्हएवढी जागा राखीव जाते. चार टेराबाइटचे चार घातले तर वापरायला बारा उरतात. आणि चारचा ड्राइव्ह संगणकावर ३.६ दिसला तर दुकानदारानं फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

आता मुद्दा. रेडमुळे काम चालू राहतं, पण गेलेलं परत येत नाही. मुलानं चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही ड्राइव्हवरून त्याच क्षणी पुसला जातो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या हजारो खोक्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या. तिथेही रेड होतंच. खोकं चोरीला गेलं, त्यावर पाणी पडलं, तर आतले दोन्ही ड्राइव्ह एकत्रच जाणार. म्हणून मोजताना खोक्यातले दोन ड्राइव्ह म्हणजे एकच प्रत धरा.

आमच्याच टॉवरमधल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. खोक्याचा दिवा केशरी झाला म्हणून त्यांनी मला बोलावलं. पाहिलं तर दोनपैकी एक ड्राइव्ह चार महिन्यांपूर्वीच बंद पडला होता. खोकं इमानानं रोज ईमेल पाठवत होतं, पण ते आधीच्या नोकरीतल्या पत्त्यावर. आपल्यासारख्या नोकऱ्या बदलणाऱ्या माणसांच्या घरी हे सहज घडतं. दुसऱ्या ड्राइव्हवरही वाचता न येणारे भाग दिसू लागले होते. नवा ड्राइव्ह आणलेला होता आणि पडद्यावर बटण तयार होतं, "दुरुस्ती सुरू करा."

आम्ही ते बटण दाबलं नाही. दुरुस्ती म्हणजे उरलेला ड्राइव्ह पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्यापर्यंत वाचून नव्यावर लिहिणं. आठ टेराबाइटचा ड्राइव्ह सेकंदाला दीडशे मेगाबाइटनं वाचला, तरी पंधरा तास लागतात. आजारी ड्राइव्हला पंधरा तास पळवण्याआधी जे पुन्हा मिळणार नाही ते बाहेर काढायचं. मी विचारलं, "सगळ्यात आधी काय?" नवरा म्हणाला कागदपत्रं. बायको म्हणाली, "आजीच्या ओव्या." जात्यावरच्या ओव्यांचं चाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण होतं ते, दुसरीकडे कुठेच नव्हतं. आधी ते उतरवलं. मग कागदपत्रं, मग फोटो. ओव्या नीट आल्या. धाकट्याच्या बारशाचे तीन व्हिडिओ आले नाहीत, ते गेले ते गेलेच.

यातून घरी करण्यासारखं काय आहे, ते क्रमानं सांगतो.

पहिलं, आज खोक्यात जाऊन सूचना कोणत्या पत्त्यावर जातात ते पाहा. घरातल्या दोघांचे खासगी पत्ते घाला आणि चाचणीची सूचना पाठवून ती खरंच आली का ते बघा.

दुसरं, ड्राइव्हची तब्येत. प्रत्येक ड्राइव्ह स्वतःची नोंदवही ठेवतो, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी शून्य असाव्यात. त्या वाढू लागल्या की ड्राइव्हचा पृष्ठभाग खराब होतोय. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा जोडणीचा असतो. नवा ड्राइव्ह घेण्याआधी केबल बदला, नाहीतर दुसऱ्या खणात लावून पाहा. पण नोंदवही कोरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलनं २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त ड्राइव्हचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेले ड्राइव्ह पुढच्या साठ दिवसांत बिघडण्याची शक्यता बाकीच्यांच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासात बिघडलेल्या निम्म्याहून जास्त ड्राइव्हच्या मुख्य नोंदींत आधी काहीच दिसलं नव्हतं.

तिसरं, प्रत्येक खणावर त्यातल्या ड्राइव्हच्या अनुक्रमांकाची चिठ्ठी आत्ताच चिकटवा. चारांपैकी एक मेल्यावर घाईत चांगलाच बाहेर ओढला, तर रेड ५ जागीच बसतं. आणि "ड्राइव्ह ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का?" असं यंत्रानं विचारलं तर नाही म्हणा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा.

चौथं, स्वतः लिनक्स लावणाऱ्यांसाठी. एसडीए, एसडीबी ही ड्राइव्हची नावं यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. म्हणून ड्राइव्ह नेहमी त्याच्या यूयूआयडीनं जोडा. शिवाय प्रतीचा यूएसबी ड्राइव्ह जोडला गेला नसेल, तर रात्रीचं कॉपीचं काम त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, लिहीत बसतं. डिस्क भरते आणि प्रत तर झालेलीच नसते. कॉपीच्या आधी ड्राइव्ह जागेवर आहे का, हे तपासणारी एक ओळ घाला.

पाचवं, खरेदी. काही ड्राइव्हमध्ये पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक लिहितात, त्याला एसएमआर म्हणतात. ते वाचायला ठीक, पण रेडच्या दुरुस्तीत फार रेंगाळतात. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतले काही ड्राइव्ह असे असल्याचं २०२० साली उघड झालं. नंतर कंपनीनं वेगळ्या पद्धतीच्या ड्राइव्हना रेड प्लस हे नाव दिलं. पाकिटावर किंवा कंपनीच्या तक्त्यात सीएमआर लिहिलेलं पाहूनच घ्या.

सहावं, आपला उन्हाळा. इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये फायबरची जोडणी दाराजवळच्या बंद कपाटात येते आणि खोकंही तिथेच बसतं. जुलैत मुलांना घेऊन आपण देशात जातो, एसी बंद करतो, आणि कपाटात तो चालूच. ड्राइव्हची चालतानाची कमाल मर्यादा साधारण ६० ते ६५ अंश असते आणि बंद कपाटात ती फार लांब नसते. जाताना खोकं रीतसर बंद करा. चालू ठेवायचंच असेल तर ते हवेशीर जागी हलवा आणि एसी अगदी बंद करू नका.

आता दुसरी प्रत. जुना नियम आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे शेजारच्या टॉवरमध्ये नव्हे. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनच्या खतम अल शकला भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. वाळवंटात पाणी भरत नाही असं आता कुणी म्हणू नये. आपली सोय सोपी आहे, आपण दरवर्षी गावी जातो. एक कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह केबिनच्या पिशवीतून न्या, आत्याच्या कपाटात ठेवा आणि आधीचा परत आणा. मात्र आत्या सांगली-कोल्हापूरकडची असेल तर वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ चे पूर तिथल्या लोकांना सांगायला नकोत.

एमबीएच्या वर्गात दोन प्रश्न शिकवतात. किती दिवसांचं काम गेलं तरी चालेल? आणि परत मिळायला किती दिवस थांबता येईल? घराला हेच विचारा. वर्षाचे फोटो गेले तर चालणार नसेल, तर वर्षातून एकदा नेलेला ड्राइव्ह पुरत नाही. नव्या फोटोंसाठी महिन्याला एक प्रत क्लाउडवर टाका. डाउनलोड केलेले सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

मला तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तुम्ही नसताना हे कोण उघडणार? खोकं लावणारा घरात एकच असतो. पासवर्ड त्याच्या डोक्यात, एन्क्रिप्शनची चावी त्याच्या लॅपटॉपवर. तो दवाखान्यात असेल किंवा त्याहून वाईट काही झालं, तर आत्याकडचा ड्राइव्ह नुसता पेपरवेट.

म्हणून या शनिवारी एका कागदावर लिहा. प्रती कुठे आहेत, कशा उघडायच्या, चावी कुठे ठेवली आहे. तो कागद नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा मोठ्या मुलीच्या हातात द्या आणि सांगा, खोक्याला हात न लावता फक्त दुसऱ्या प्रतीवरून आजीचा एक फोटो काढून दाखव. तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. जिथे ती अडेल तिथे कागदात दुरुस्ती करा. फोटो पडद्यावर आला, की तुमच्याकडे दोन प्रती आहेत असं समजायला हरकत नाही.