नर्स म्हणजे भरवणारी



आज एका शब्दाविषयी बोलू या. शब्द आहे नर्स. आला इंग्रजीतून, पण आपण त्याला बाई जोडलं आणि नर्सबाई करून घरचाच केला. उपकेंद्रात लस टोचते ती नर्सबाई, बाळंतपणाला धावून येते ती नर्सबाई.

इंग्रजांनी तो जुन्या फ्रेंच भाषेतून घेतला, फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. मूळ अर्थ पाजणं, पोसणं. दुसऱ्याच्या बाळाला दूध पाजायची ती नर्स. संस्कृतातल्या धात्री शब्दाचा अर्थही पाजणारी असाच आहे. पुढे बाळाला सांभाळणारी आणि मग आजाऱ्याला सांभाळणारी, असा नर्स शब्दाचा अर्थ वाढत गेला.

सरकारी कागदावर नर्सला परिचारिका म्हणतात, म्हणजे अवतीभवती वावरणारी. ती करते ती शुश्रूषा. शुश्रूषेचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. भरवणं, जवळ असणं, ऐकून घेणं. तीन शब्दांत सगळं काम आलं.

हे काम किती मोठं, ते मुंबईत परळच्या भोईवाड्याजवळ दिसलं. तिथे १९२६ साली सुरू झालेलं केईएम रुग्णालय आहे. गावोगावची माणसं तिथे उपचाराला जातात. अरुणा शानबाग तिथे नर्स होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला, गळा आवळला. मेंदूला इजा झाली, त्या पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली ४१ वर्षं त्यांना तिथल्या नर्सनी सांभाळलं. अन्न मऊ करून भरवलं, अंग पुसलं, कूस बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही. त्यांना दयामरण द्यावं, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा या नर्स म्हणाल्या, आम्ही सांभाळतोय ना! २०११ साली न्यायालयाने ती मागणी फेटाळली. त्यांतल्या कितीतरी जणींनी अरुणाताईंना चालता-बोलताना कधी पाहिलंही नव्हतं.

आता आपल्या घरात बघा. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना भरवणारी, रात्री उठून त्यांना पाणी देणारी कोण? तिला विचारा, काय काम करतेस? ती म्हणेल, काही नाही, घरीच असते.

गटाच्या पुढच्या बैठकीत अशा बायकांची नावं घ्या. त्या आजाऱ्याजवळ असताना त्यांचं पाणी कोण भरेल, शेतावर कोण जाईल, तेही तिथेच ठरवा.