कुंडी बदलताना
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला बागकामावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. बँकेत आयुष्य गेलं, तेव्हा चूक झाली की ती आधी वहीत लाल शाईनं दाखवायची, ही सवय. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि मी जास्वंद मोठ्या कुंडीत हलवायला घेतली. जिन्यासमोर पेपर पसरला, माती, शेणखत आणि एरंडीची पेंड कालवून ढीग केला. तेवढ्यात फोन वाजला म्हणून आत गेलो. परत येतो तर शेजारचा ब्रुनो ढिगात तोंड घालून मिटक्या मारतोय! मी हसलो, त्याला हाकललं आणि विसरून गेलो. कुणाला बोललोसुद्धा नाही.

रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या, पहाटे रक्ताचे जुलाब. वहिनी रडत दारात आल्या, "भाऊ, यानं काय खाल्लं असेल हो?" माझ्या पोटात गोळाच आला. पेंडीची पिशवी उचलली आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढलं तरी ते पेंडीत उरतं, आणि कुत्र्यांना ती आवडीनं खावीशी वाटते. त्यावर उतारा नाही, फक्त वेळेत उपचार. ब्रुनो चार दिवस सलाइनवर होता. वाचला. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली, ती सांगतो.

कुंडी हलवायच्या आदल्या दिवशी झाडाला पाणी घालावं, मुळांचा गड्डा अखंड निघतो. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी घ्यावी. फार मोठी घेतली तर माती ओली राहून मुळं कुजतात. भोकावर खापरी ठेवावी. झाड पूर्वीइतकंच खोल लावावं आणि आठवडाभर सावलीत ठेवावं.

हे काम करताना प्राणी दुसऱ्या खोलीत, दार बंद. एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा घरात आणूच नये, गांडूळखत पुरतं. तुटलेली पानं, मुळं, सांडलेली माती लगेच गोळा करावी. मांजर कुंडी उकरत असेल तर मातीवर मोठे गोटे पसरावेत.

आता झाडं. मनीप्लांट, डिफनबेकिया, अॅग्लोनिमा चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. कण्हेर आणि अडेनियम हृदयावर परिणाम करतात. सायकसच्या बिया कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतात. आणि घरात मांजर असेल तर लिली नकोच. तिचे परागकण अंगावर पडून मांजरानं चाटले तरी मूत्रपिंडं जाऊ शकतात. त्याऐवजी स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन फर्न, कॅलेथिया लावा. निर्धास्त राहाल.

तरीही काही खाल्लंच, तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. लक्षणांची वाट बघू नका. झाडाचं पान किंवा खताची पिशवी घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या हातून झालं असेल, तर त्याच मिनिटाला सांगा. मी लगेच बोललो असतो, तर उपचार दहा-बारा तास आधी सुरू झाले असते.

समितीला एकच विनंती. आपल्या गेटजवळ दोन सायकस आहेत. त्यांना बिया धरल्या तर माळ्याकडून वेळीच काढून घ्याव्यात, आणि सोसायटीच्या बागेत एरंडीची पेंड बंद करावी. खर्च काहीच नाही.

ती जास्वंद आता भरभरून फुलते. रोजच्या परडीतली पाच फुलं वहिनींच्या देवघरात जातात. ब्रुनो मला बघून अजून शेपटी हलवतो. त्यानं माझं खातं कधीच माफ केलंय, मी मात्र हप्ते भरतोय.