निकालाची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही साहित्यिक नव्हे, साधे बी. ए. झालेले आणि केंद्र सरकारच्या कचेरीत फायली चाळता चाळता पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आहोत. मंडळाचा इतिहास आमच्याआधी बोललेल्या जाणत्या मंडळींनी सांगितलाच आहे. आम्ही बोलणार आहोत ते एका लहानशा विषयावर. मोबदला न घेता काम करणाऱ्या परीक्षकांकडून निकाल येण्याची वाट पाहणे, हा तो विषय.

आमचा एक पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने एक परीक्षा दिली. कशाची, तर बिअरची पारख करण्याची! मागच्या रांगेत हशा पिकला, तो साहजिकच आहे. त्या पेयाच्या गुणदोषांविषयी आम्ही अनभिज्ञ आहोत. परंतु परीक्षेची रीत ऐकून आम्ही थक्क झालो. १९८५ साली तेथे बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी एक संस्था निघाली. तिच्या चव-परीक्षेत नव्वद मिनिटांत सहा बिअर चाखावयाच्या आणि प्रत्येकीला पन्नासपैकी गुण द्यावयाचे : गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, जिभेवरील स्पर्शाला ५ आणि एकंदर ठशाला १०. नुसते गुण देऊन भागत नाही; प्रत्येकीवर सविस्तर अभिप्राय लिहावा लागतो. त्याच बिअर त्याच वेळी मुरलेले परीक्षकही चाखतात, आणि उमेदवाराचा अभिप्राय त्यांच्या अभिप्रायाशी ताडून पाहतात. छापील उत्तरपत्रिका अशी नाहीच. म्हणून एकेक ओळ वाचावी लागते. तीही दोघांनी, स्वतंत्रपणे, आणि मग एकमेकांचे मत जुळवून. हे तपासणारे नोकरीधंदा सांभाळून, वेतनाविना हे काम करतात. साहजिकच निकालाला महिनोन्‌महिने लागतात.

पुतण्या दूरध्वनीवर कुरकुरला, तेव्हा आमच्यातील सरकारी अधिकारी जागा झाला. आम्ही म्हणालो, “वरिष्ठांकडे लेखी तक्रार कर.” तो हसून म्हणाला, “काका, तक्रार कोणाविरुद्ध करू? तपासणारा माझ्यासारखाच कोणीतरी असणार. रात्री मुले निजली की माझा कागद उघडत असेल.”

त्या उत्तराने आम्ही गप्प झालो, कारण आम्हांस दोन गोष्टी आठवल्या.

पहिली आमच्या मातोश्रींची. १९३६ साली नागपूरला हिंदी साहित्य संमेलन भरले होते. त्याचे अध्यक्ष होते राजेंद्रबाबू. ज्यांनी पुढे राष्ट्रपती या नात्याने ४ फेब्रुवारी १९५९ रोजी आपल्या भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, तेच. त्या संमेलनातूनच वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचा उगम झाला. तिच्या ‘प्रवेश’, ‘परिचय’, ‘कोविद’ या परीक्षा विदर्भातील कितीतरी घरांत दिल्या गेल्या. आमच्या मातोश्री चूल सांभाळून ‘कोविद’ला बसल्या होत्या. वर्ग घेणारे गुरुजी दिवसा शाळेत शिकवीत आणि सायंकाळी आपल्या ओसरीवर, पदरचे रॉकेल जाळून, बायकांना शिकवीत. निकाल लांबला. परंतु गुरुजी दर शनिवारी दारापर्यंत येत आणि सांगत, “बाई, अजून आलेला नाही. आला की मीच घेऊन येईन.” मातोश्री म्हणत, “त्या एका वाक्यावर माझा आठवडा निघे.”

दुसरी गोष्ट आमची स्वतःची आहे, आणि ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मंडळाने मुलांची निबंधस्पर्धा घेतली. विषय होता ‘माझे आजोळ’. एकेचाळीस निबंधांचा गठ्ठा तपासण्यास आम्ही हौसेने घरी आणला. दिवाळी झाली, मकरसंक्रांतीचे हळदीकुंकू झाले, मग कचेरीत मार्चअखेर आली. गठ्ठा कपाटातच राहिला. आठवीतील एक मुलगी दर रविवारी मंडळात विचारी, “काका, निकाल लागला का?” आम्ही म्हणत असू, “लागेल, लागेल.”

गुढीपाडव्यानंतर आम्ही गठ्ठा सोडला. त्या मुलीने सबंध निबंधात ‘आजोळ’च्या जागी ‘आजोल’ लिहिले होते. शाळा हिंदी, शेजार हिंदी, त्यामुळे ‘ळ’ हाताला वळलेला नव्हता. प्रथम आम्ही लाल शाईने गुण कापले. मग शेवटचा परिच्छेद वाचला. अमरावतीच्या आजीची पत्रे आईकडून वाचून घ्यावी लागतात, म्हणून आपण मराठी लिहावयास शिकलो, आणि बक्षीस मिळाले तर प्रमाणपत्र आजीला पाठवणार, असे तिने लिहिले होते. कापलेले गुण आम्ही परत दिले. एकाच्या जागी दोघे परीक्षक का असावेत, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

पहिला क्रमांक तिचाच आला. परंतु एव्हाना तिच्या वडिलांची बोकारोला बदली झाली होती. प्रमाणपत्र टपालाने पाठवले. ते ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आले. ते आजही आमच्या खणात आहे.

सेवाभावी माणसाला उशीर होतो. त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. आपले मंडळ पन्नास वर्षे अशाच माणसांच्या रिकाम्या वेळावर उभे राहिले आहे. गणेशोत्सवाच्या सतरंज्या उचलणाऱ्यांना आणि वाचनालयाच्या पुस्तकांना पुठ्ठे घालणाऱ्यांना कोणी वेतन दिले? परंतु उशीर वेगळा आणि मौन वेगळे. गुरुजींच्या आणि आमच्या उशिरात फरक दिवसांचा नव्हता. ते दारी येऊन “अजून नाही” म्हणत, आणि आम्ही “लागेल, लागेल” म्हणून मान वळवीत होतो. काम फुकट केले म्हणून वाट पाहणाऱ्याचे आपल्यावरील ऋण फिटत नाही.

म्हणून या शुभप्रसंगी मंडळापुढे आमची नम्र सूचना आहे. यापुढे मुलांची कोणतीही स्पर्धा असो, कागद दोघांनी तपासावेत. निकालाची तारीख आधी सांगावी, आणि ती टळली तर नवी तारीख मुलांना आपण होऊन कळवावी. प्रत्येक मुलाच्या कागदावर नुसता आकडा न घालता दोन ओळी लिहाव्यात. बिअर चाखणाऱ्यालाही लेखी अभिप्राय मिळतो. मग ‘ळ’साठी धडपडणाऱ्या आपल्या लेकरांनी काय पाप केले आहे?

पुतण्याचा निकाल अखेर आला. तो उत्तीर्ण झाला. आता तो इतरांचे कागद तपासण्यास पात्र होण्याची तयारी करीत आहे. आम्हीही यंदाच्या निबंधांसाठी आमचे नाव कार्यवाहांकडे दिले आहे. गठ्ठा कपाटात जाणार नाही, हे आमचे वचन आहे.