पत्ता बदललेल्या फायली

आपल्याकडे पत्ता सांगण्याची एक जुनी रीत आहे. "चौकात या, पिंपळापाशी उजवीकडे वळा, पुढे टॉकीज लागेल, तिच्या समोरचा बोळ." सांगणारा काही खोटे बोलत नसतो. पण पिंपळ रस्तारुंदीत गेलेला असतो, आणि टॉकीज पाडून तिथे पाच मजली इमारत उभी राहिलेली असते. गावच्या माणसाचे त्यावाचून काही अडत नाही. त्याच्या मनात पिंपळ अजून उभाच असतो. अडते ते परगावाहून आलेल्या पाहुण्याचे. आजचे माझे भाषण अशाच पत्त्यांविषयी आहे. फक्त हे पत्ते गावातले नाहीत. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याच्या माहितीलेखांतले आहेत.

कर्नल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपण संगणकावर पत्र लिहितो, गाणे ऐकतो, हिशेब करतो. ही कामे करणारे प्रोग्रॅम निरनिराळे असतात. पण मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कोणाला कधी द्यायचा, डिस्कवर काय कोठे लिहायचे, हे पाहणारा कारभारी एकच, तो कर्नल. लिनक्स नावाचा कर्नल १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. आज आपल्यापैकी अनेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन असतो, त्याच्या पोटात तोच आहे. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला आहे. तो आता तीन कोटी ओळींच्याही वर गेला असून जगभरची हजारो माणसे त्यात भर घालीत असतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती बाहेर पडते.

एवढ्या मोठ्या वाड्यात नवा माणूस शिरला, तर त्याने वाट कोणाला विचारावी? त्यासाठी कोडच्याच शेजारी 'डॉक्युमेंटेशन' नावाची डिरेक्टरी ठेवलेली आहे. कोणता भाग कसा चालतो, सुधारणा कशी पाठवावी, हे सांगणारे लेख तिच्यात आहेत. आणि या साऱ्या मजकुरात जागोजागी बोट दाखवलेले असते. कोडमधील कॉमेंट म्हणते, "अधिक माहितीसाठी डॉक्युमेंटेशनमधील अमुक फाइल पहा." लेख म्हणतो, "हे काम तमुक फाइलीत केले आहे." याशिवाय 'मेंटेनर्स' नावाची एक मोठी यादी आहे. कोणती फाइल कोणाच्या देखरेखीखाली, हे तिच्यात लिहिलेले असते. सुधारणा कोणाकडे पाठवायची हे शोधणारी स्क्रिप्ट हीच यादी वाचते. यादीतला पत्ता चुकला, की सुधारणा ज्याने तपासायची त्याच्यापर्यंत ती पोचत नाही, आणि पाठवणारा बिचारा उत्तराची वाट पाहत बसतो.

आता हे पत्ते बदलतात तरी का? कोणी खोडसाळपणे बदलीत नाही. घर वाढले की खोल्यांची मांडणी बदलावीच लागते. पूर्वी इंटेलच्या घराण्यातील ३२ बिटांच्या आणि ६४ बिटांच्या प्रोसेसरांसाठी दोन स्वतंत्र डिरेक्टऱ्या होत्या. पुष्कळसे कोड दोन्हीकडे सारखेच असल्याने २००७ साली त्या एकत्र करून 'एक्स ८६' ही एकच डिरेक्टरी झाली. २०१२ साली, बाहेरच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या हेडर फायली कर्नलच्या खासगी हेडर फायलींतून वेगळ्या काढून दुसरीकडे नेल्या. २०१६ पासून माहितीलेख स्फिंक्स या साधनाच्या पद्धतीने लिहिण्यास प्रारंभ झाला, आणि वर्षानुवर्षे 'डॉट टीएक्सटी' हे शेपूट मिरवणारे कितीतरी लेख 'डॉट आरएसटी' झाले. हार्डवेअरचे वर्णन करणारे डिव्हाइस ट्रीचे लेख 'डॉट वायएएमएल' होऊ लागले. २०२३ साली निरनिराळ्या प्रोसेसरांवरचे लेख एका छपराखाली आणण्याचे काम सुरू झाले. यातील प्रत्येक बदल शहाणपणाचाच होता. पण प्रत्येक बदलाबरोबर कुठे ना कुठे एखादे जुने बोट रिकाम्या जागेकडे दाखवीत राहिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कोडमध्ये एका फाइलीने दुसरीला हाक मारली आणि ती जाग्यावर नसली, तर कंपायलर तिथेच थांबतो आणि ओरडतो. कर्नल तयारच होत नाही. त्यामुळे ती चूक त्याच दिवशी निस्तरावी लागते. कॉमेंटमध्ये लिहिलेला पत्ता मात्र कंपायलर वाचीतच नाही. तो चुकला तरी कर्नल तयार होतो, सुरू होतो, वर्षानुवर्षे उत्तम चालतो. कोणाचेच काही बिघडत नाही, असे वाटते. बिघडते ते वाचणाऱ्याचे. तो अर्धा दिवस ती फाइल शोधतो. मिळाली नाही की प्रथम त्याला वाटते आपलेच काही चुकते आहे. आणि एकदा का कळले की चूक लेखाची होती, की मग तो त्या लेखातील बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवीत नाही. माझ्या मते खरे नुकसान ते हे.

यावर उपाय म्हणून कर्नलच्या मंडळींनी एक स्क्रिप्ट केली आहे. तिचे नाव लांबलचक आहे, 'डॉक्युमेंटेशन फाइल रेफ चेक'. 'मेक रेफचेकडॉक्स' एवढी आज्ञा दिली की ती कामाला लागते. ती साऱ्या सोर्समधून फिरते, डॉक्युमेंटेशनमधील फाइलीचा पत्ता दिसेल तिथे थांबते, त्या पत्त्यावर खरोखर फाइल आहे का पाहते, आणि नसेल तर तसे कळवते. मावरो कार्व्हाल्हो चेहाब यांनी जुने लेख नव्या पद्धतीत आणण्याचे फार मोठे काम केले. या स्क्रिप्टवरही त्यांनी पुष्कळ मेहनत घेतली आहे. तिला 'फिक्स' असे सांगितले, तर ती आपण होऊन नवा पत्ता शोधते. शेपूट बदलून पाहते, त्याच नावाची फाइल दुसरीकडे आहे का ते पाहते. आणि जवळच्या नावाच्या एकाहून अधिक फायली सापडल्या, तर "मी आपण होऊन बदलणार नाही" असे सांगून बाजूला होते. हा तिचा विनय मला फार आवडतो. तो आम्हां माणसांना दर वेळी साधतोच असे नाही.

याचा एक अनुभव सांगतो. आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी एके दिवशी मोठ्या उत्साहाने माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, कर्नलमधली एक चूक सापडली. मी दुरुस्ती पाठवू?" एका ड्रायव्हरमधील कॉमेंटमध्ये जुन्या लेखाचा पत्ता राहून गेला होता. त्याने त्याच नावाचा लेख दुसऱ्या डिरेक्टरीत शोधून काढला होता, पत्ता बदलला होता, आणि स्क्रिप्टही चालवून पाहिली होती. "आता ती काही बोलत नाही," तो म्हणाला. मी म्हणालो, "मग झालं तर. पाठव." दोन दिवसांनी त्या विभागाच्या मेंटेनरचे सौम्य शब्दांत उत्तर आले. त्यात एकच प्रश्न होता: तुम्ही नवा लेख वाचलात का? आम्ही वाचला नव्हता. नाव तेच होते, विषय निराळा होता. मूळ लेख नव्या मांडणीत दोन भागांत विभागला गेला होता, आणि आम्ही वाचणाऱ्याला भलत्याच दारात नेऊन उभे करीत होतो. रिकाम्या जागी गेलेला पाहुणा निदान परत फिरून विचारतो. भलत्या घरात शिरलेल्याला मात्र आपण चुकलो हेही लवकर कळत नाही. पोरगा ओशाळला. पण खरे ओशाळायला हवे होते ते मी, कारण "पाठव" म्हणणारा मीच होतो.

त्या दिवसापासून मी मुलांना सांगतो, की पत्ता दुरुस्त करणे म्हणजे नाव जुळवणे नव्हे. आधी जुना लेख काय सांगत होता ते पाहा. ते अवघड नाही. २००५ सालापासून कर्नलचा इतिहास गिट या साधनात नोंदलेला आहे, त्यामुळे तेव्हापासून हललेला किंवा पुसलेला लेखही वाचावयास मिळतो. तो कोणत्या बदलात हलवला, कोणी हलवला, का हलवला, हेही त्यात दिसते. मग नवा लेख उघडा, आणि कॉमेंट वाचणाऱ्याला जे हवे आहे ते त्यात आहे का ते पाहा. असेल तरच पत्ता बदला.

कधी कधी तर नवा पत्ता नसतोच. इटॅनियम या प्रोसेसरसाठीचे कोड २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या ६.७ या आवृत्तीतून काढून टाकले, आणि त्याबरोबर त्याचे लेखही गेले. आता त्या लेखांकडे दाखवणारे एखादे वाक्य कुठे उरले असेल, तर त्याला नवा पत्ता शोधीत बसण्यात अर्थ नाही. ते वाक्यच काढले पाहिजे. गेलेल्या माणसाचे नाव दारावरच्या पाटीवर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्यांची फसवणूक होते, एवढेच.

मग करावे काय? पहिला नियम असा, की जो फाइल हलवील त्यानेच, त्याच बदलात, जुने नाव साऱ्या सोर्समध्ये शोधून बोटे वळवावीत. सामान हलवण्याच्या दिवशी पोस्टात जाऊन पत्ता बदलून येणे सोपे असते. सहा महिन्यांनी ते कोणाच्या ध्यानातही राहत नाही. फाइल नवी आली, हलली किंवा गेली, की मेंटेनर्सची यादी पाहिली का, असा प्रश्न सुधारणा तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट आठवणीने विचारते. या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरा नियम असा, की जमेल तिथे, चुकला तर ओरडेल असाच पत्ता लिहावा. कोडमधील खास पद्धतीने लिहिलेल्या कॉमेंट थेट लेखात ओढून आणण्याची सोय कर्नलमध्ये आहे. तिच्यात दिलेली फाइल हलली, तर लेख तयार करतानाच तक्रार येते. नुसत्या वाक्यात लिहिलेला कोडच्या फाइलीचा पत्ता असा बोलत नाही, आणि वर सांगितलेली स्क्रिप्टही डॉक्युमेंटेशनमधील पत्तेच पाहते. म्हणून लेखात कोडकडे बोट दाखवताना शक्यतो फंक्शनचे नाव द्यावे. फाइल हलली तरी ते नाव पुष्कळदा टिकते, आणि शोधले की सापडते. ओळीचा क्रमांक तर कधीच देऊ नये. तो पुढच्या आवृत्तीपर्यंतही टिकेल याचा भरवसा नाही.

तिसरी गोष्ट जुन्या दारावरच्या चिठ्ठीची. सुधारणा कशी पाठवावी, हे सांगणारा कर्नलमधील लेख अतिशय प्रसिद्ध आहे. २०१६ साली तो नव्या डिरेक्टरीत नेला, तेव्हा जुन्या नावाच्या फाइलीत एकच ओळ ठेवण्यात आली: ही फाइल अमक्या ठिकाणी हलवली आहे. कारण तिचा पत्ता नुसत्या कर्नलमध्ये नव्हता. तो पुस्तकांत, पत्रांत आणि लोकांच्या तोंडी होता. तिथवर कोणतीच स्क्रिप्ट पोचत नाही. पण अशी चिठ्ठी प्रत्येक दारावर लावू म्हटले, तर वाड्यात चिठ्ठ्याच उरतील. तिथे तारतम्य हवे.

आता कोणी म्हणेल, हे फारच किरकोळ काम झाले. काही मेंटेनरही असे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकेका शब्दाचे शंभर बदल एकदम आले, तर ते तपासण्यात त्यांचा दिवस जातो आणि महत्त्वाचे काम मागे पडते. नुसते आपले नाव इतिहासात नोंदले जावे म्हणून कोणी असे बदल पाठवू लागला, तर त्याचा उपद्रवच होतो. पण समजून केलेल्या दुरुस्तीची गोष्ट वेगळी आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढे तीन दिवस ते दोन्ही लेख वाचले, ड्रायव्हर कशासाठी आहे ते समजून घेतले, आणि मग योग्य भागाचा पत्ता घालून सुधारणा पुन्हा पाठवली. ती स्वीकारली गेली. बदल एकाच ओळीचा होता. पण त्या एका ओळीसाठी तो जे शिकला, ते माझ्या एका सत्राच्या व्याख्यानांतून शिकला असता की नाही, याची मला शंका आहे.

शेवटी एवढेच सांगतो. लेखात "अमुक पहा" असे लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याला दिलेला शब्द असतो. लिहिणारा तो आज देतो. तो पाळण्याची जबाबदारी मात्र पुढे येणाऱ्यांवर, बहुधा त्यांना न विचारताच, पडते. ती पाळणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही, कारण ज्याला पत्ता बरोबर मिळाला तो सरळ जाऊन घर गाठतो. वाट कोणी सांगितली याचा विचार करण्याचे त्याला कारणच पडत नाही. पाहुणा वेळेवर पोचला, एवढ्यावर समाधान मानणारी माणसे कर्नलमध्ये आहेत, म्हणून तिथे नवा माणूस अजूनही वाट काढू शकतो.