न दिसणाऱ्या श्रोत्यांसाठी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून चौघांनी मला विचारलं, "अरे, तू आकाशवाणीत होतास ना? मग तुझा आवाज कधी ऐकू आला नाही तो?" खरं आहे. १९८४ साली अभियांत्रिकी साहाय्यक म्हणून लागलो, निवृत्तही झालो, पण माझा आवाज एकदाही प्रसारित झाला नाही. आम्ही तांत्रिक विभागातले. आमचं काम चोख झालं तर आम्ही आहोत हेच कुणाला कळत नाही. दहा सेकंद शांतता पसरली, की मात्र सगळ्यांना कळतं!

त्यातून माझी बरीच नोकरी विदेश प्रसारण सेवेसाठी झाली. ही सेवा १ ऑक्टोबर १९३९ रोजी पश्तू भाषेतून सुरू झाली. महायुद्ध नुकतंच पेटलं होतं आणि जर्मन प्रचाराला उत्तर द्यायचं होतं. पुढे अरबी, फारसी, बर्मी, चिनी, स्वाहिली, नेपाळी, तिबेटी अशा भाषांची भर पडली. दिल्लीच्या नियंत्रण कक्षात भिंतीवर दोन घड्याळं असत. एक आपल्या वेळेचं आणि दुसरं ग्रिनिचचं, साडेपाच तास मागे. वेळापत्रक चाले ते दुसऱ्यावर. मला यातली एकही भाषा येत नव्हती, पण निवेदकाच्या आवाजाच्या उतारावरून बातम्या संपत आल्या हे ओळखू यायचं.

तुम्ही म्हणाल, हे कुठं ऐकायला मिळतं? अहो, परदेशी केंद्र आपण सगळ्यांनीच ऐकलंय. बुधवारी रात्री आठ वाजता 'बिनाका गीतमाला' कुठून यायची? रेडिओ सिलोनवरून, लघुलहरींवर. अमीन सायानींचा आवाज मध्येच बारीक व्हायचा, मग पुन्हा मोठा. आपण रेडिओला थापट्या मारायचो. रेडिओचा काही दोष नव्हता. लघुलहरी वर जातात, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून वाकून परत जमिनीवर येतात. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. आपल्या विज्ञानाच्या सरांनी आरसा घेऊन परावर्तन शिकवलं होतं. सर, जवळपास त्याच धड्यावर माझा संसार चालला!

हा वरचा आरसा मात्र लहरी स्वभावाचा. दिवसा जी वारंवारता चालते ती रात्री चालत नाही. उन्हाळ्यातली हिवाळ्यात चालत नाही. शिवाय सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र आहेच. म्हणून मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची केंद्रं आपापल्या वारंवारता बदलतात.

पुढे अलीगढला २५० किलोवॅटच्या प्रक्षेपकांवर काम केलं. २५० किलोवॅट म्हणजे किती? घरातले ५०० वॅटचे पाचशे मिक्सर एकदम चालू करा, तेवढी शक्ती ॲंटेनातून आकाशात जाते. आतल्या व्हॉल्व्हला थंड ठेवायला सतत पाणी फिरवावं लागतं. वीज बंद केली तरी आत हात घालायचा नाही. आधी अर्थिंगची दांडी लावायची, मगच दुरुस्ती. घाईत असलेल्या माणसाला तिथं जागा नाही.

गावाकडे माझी आई रेडिओचं बटण फिरवत बसायची, "तुझं केंद्र लागत नाही रे" म्हणायची. लागणार कसं? आमच्या ॲंटेनांची तोंडं देशाबाहेर वळवलेली. लहर आपल्या डोक्यावरून उडी मारून हजारो किलोमीटर पलीकडे उतरायची. शेजाऱ्याला ऐकू येणार नाही, परक्याला येईल, अशी ही विद्या.

यातली खरी अडचण आता सांगतो. सेवेचा पैसा सरकारचा, म्हणजे तुमचा. पण ज्यांचा पैसा, त्यांना ती ऐकू येत नाही. आणि ज्यांना ऐकू येते, ते कर भरत नाहीत, तक्रार करायलाही येत नाहीत. पहाटे चार वाजता आवाजाची पातळी जरा कमी ठेवली, तर विचारणार कोण? विचारणारं एकच, समोरची नोंदवही. दर तासाला मीटरचे आकडे तिच्यात लिहायचे, बघून लिहायचे. नोकरीची शिस्त म्हणतात ती मी त्या वहीपाशी शिकलो.

कधीमधी श्रोत्यांचे अहवाल यायचे. दूरदेशीचा कुणी हौशी माणूस आवाजाची ताकद, व्यत्यय वगैरेंना पाचपैकी गुण देऊन कळवायचा आणि त्याला पोचपावतीचं कार्ड जायचं. एकदा आखातात काम करणाऱ्या एका मजुराचं हिंदी पत्र वाचायला मिळालं. घरी फोन करणं त्याला परवडत नव्हतं. रात्री खोलीतले सहाजण एका रेडिओभोवती बसतात, गाणं कळेनासं झालं तरी बंद करत नाहीत, असं त्यानं लिहिलं होतं. त्या रात्री पाळीवर गेलो तेव्हा ते सहाजण माझ्या डोळ्यांसमोर होते.

आता लघुलहरींवरची प्रसारणं खूप कमी झाली, पुष्कळसं इंटरनेटवर गेलं. "आता त्याचा काय उपयोग?" असं लोक विचारतात. खर्च मोठा, विजेचं बिल मोठं, हे मलाही मान्य आहे. पण इंटरनेट कुणीतरी बंद करू शकतं आणि कोण काय ऐकतंय हे पाहूही शकतं. रेडिओवर ऐकणाऱ्याचं नाव कुठंच नोंदलं जात नाही. त्याला सेल पुरतात, परवानगी लागत नाही. म्हणून सगळेच प्रक्षेपक मोडीत काढू नयेत, असं माझं मत आहे.

गुरुजनहो, तुमचंही काम असंच. चाळीस जणांच्या वर्गात बोललेलं कुठं जाऊन पोचलं, हे तुम्हाला क्वचितच कळलं असेल. म्हणून आज एवढा एक अहवाल देतो. सर, बाई, तुमचं सगळं स्पष्ट ऐकू आलं. पाचपैकी पाच.