आंबेनळीच्या पायथ्याशी: स्वागताध्यक्षीय भाषण

आंबेनळी घाट पोलादपूरहून चढतो आणि प्रतापगडाचा फाटा मागे टाकून महाबळेश्वरी पोहोचतो. पायथ्याच्या पोलादपूरची ओळख बाहेर मुंबई-गोवा रस्त्यावरचा चहाचा थांबा एवढीच आहे, आणि ती अन्यायाची आहे. तालुक्यातले उमरठ तानाजी मालुसऱ्यांचे. खुद्द पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. तानाजी शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. परमानंदांच्या समाधीचा रस्ता विचारला तर मात्र सांगणारा क्षणभर घुटमळतो. परमानंद मूळचे नेवाशाचे. त्यांनी संस्कृतात ‘शिवभारत’ रचले. १० नोव्हेंबर १६५९ची शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची प्रतापगडाखालची भेट त्यात सविस्तर येते. ग्रंथ बत्तिसाव्या अध्यायात अपुरा राहिला. प्रतापगडाचा प्रसंग रचणाऱ्या कवीची समाधी प्रतापगडाच्याच वाटेवर असावी, असा मान दुसऱ्या तालुक्याने दाखवून द्यावा.

आपल्या या गणित परिषदेचा विषय सममित गट, म्हणजे क्रमबदलांचे गट, आणि त्यांच्या रूट सिस्टिम. परमानंदांशी त्याचा संबंध ओढूनताणूनच लागतो: श्लोक म्हणजे लघु-गुरूंची मांडणी, आणि मांडण्या मोजणे हे छंदःशास्त्राचे जुने काम. तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त ते स्वरांवर केले. सात स्वरांचे क्रम ५०४०. खंडमेरू या कोष्टकाने क्रमावरून त्याचा अनुक्रमांक आणि अनुक्रमांकावरून क्रम काढता येतो.

घाटापुरते उदाहरण असे. चार गाड्या एकामागे एक चढू लागल्या. एका वेळी कुठलीही गाडी फक्त लगतच्या पुढचीला ओलांडते. माथ्यावर २४ क्रम संभवतात. जितक्या जोड्या उलटल्या, तितकी ओव्हरटेक किमान लागतात. अख्खी रांग उलटायला सहा. चार गाड्यांच्या क्रमबदलांचा हा सममित गट; त्याच्या रूट सिस्टिममध्ये धन रूटही सहाच, दर जोडीला एक. जोडी उलटली की तिचे रूट ऋण होते. (घाटात प्रत्यक्ष ओव्हरटेक करू नये, ही प्रतिनिधींना वेगळी विनंती.)

आता परिषदेच्या व्यवस्थेविषयी: खडू मुबलक आहेत, फळा एकच. मुक्काम शाळेच्या वर्गांत असून बाके व्हरांड्यात काढली आहेत. मोबाइलची रेंज धुक्यासारखी येते-जाते. तांदूळ शेतकऱ्यांनी घरटी पायली-पायली दिला, सतरंज्या गणेशोत्सव मंडळाच्या, जनरेटर मंडपवाल्याने डिझेलच्या खर्चात लावला, नाचणीच्या भाकऱ्या आणि कुळथाचे पिठले बचत गटाच्या बायकांचे. पहिल्या दिवशी पिठले कमी पडले, त्याबद्दल स्वागत समिती दिलगीर आहे. दात्यांची यादी दाराशी लावली आहे. ती अकारविल्हे आहे, देणगीच्या आकड्यांनुसार नाही. तरी कुणाला आपले नाव खालीवर झालेले वाटल्यास समितीला सांगावे.